एसआरवाय टेस्ट, बाई, पुरुष आणि आपण : हे ठरवतं कोण?

सरळरेषा (१४ सप्टेंबर २०२५)

टोकियोत कालपासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स सुरू झालंय आणि १ सप्टेंबरपासून त्यांचा नवा नियम लागू आहे, महिला गटात उतरायचं तर आयुष्यात एकदा एसआरवाय जीनची (पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर असतो तो) टेस्ट द्यायची. गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेतात नाहीतर रक्त, बस्स. जीन नाही तर महिला गट, आहे तर नाही. मला एकदम पटलं हे. इतकी वर्षं टेस्टोस्टेरॉन किती चालेल, किती महिने कमी ठेवायचं, असला जो घोळ चालला होता तो एका फटक्यात संपला.

पण पुतणी (टीवायबीए, सोशियॉलॉजी) म्हणते काका, जेंडर हे समाजाने बनवलंय, शरीराचा संबंध नाही. म्हणजे आता शरीरपण समाजाने बनवलं का? मी आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, मला असल्या भाषेची अ‍ॅलर्जी आहे. तर प्रश्न असा की बाई असणं किंवा पुरुष असणं हे नक्की कोण ठरवतं, शरीर, समाज की ज्याचं त्याचं मन? माझं उत्तर शरीर. बाकी सगळा कपडेपट. मतं येऊ द्या, शिव्या नकोत.

टवाळ_पोर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काका फक्त काडी टाकून पळू नका.

बार्शी_लाईट

सरळरेषा +१. निसर्गाने दोनच बनवलेत. आमच्या गोठ्यात गाय आहे आणि बैल आहे, तिसरं काय जन्माला आलेलं बघितलं नाही. हे सगळं अमेरिकेतनं आलेलं फॅड आहे, दहा वर्षात जाईल.

टवाळ_पोर

बार्शीकर, निसर्गाने वळू बनवला होता हो. बैल तुम्ही बनवलात 😄

बार्शी_लाईट

😄😄 हे मात्र खरं. पण मुद्दा कळला ना?

डॉ_टोपण

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे, हॉर्मोनवाला नाही, त्यामुळे बेताने बोलतो. एसआरवाय हा वाय गुणसूत्रावरचा एक छोटासा जीन. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना तो चालू झाला की वृषण बनायला लागतात, वृषण बनले की टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्यामागून पुढचं शरीर. पण पुढच्या प्रत्येक पायरीवर गाडी अडू शकते. अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी नावाची अवस्था आहे, तिच्या पूर्ण प्रकारात गुणसूत्रं एक्सवाय, जीन शाबूत, वृषण पोटात, हॉर्मोन भरपूर, आणि पेशींना तो हॉर्मोन ओळखताच येत नाही. बाळ जन्मतं मुलगी म्हणून, वाढतं मुलगी म्हणून, वयात येताना छातीही भरते. पाळी का येत नाही म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षी आई घेऊन येते तेव्हा पहिल्यांदा कळतं. त्या मुलीला मी काय सांगू सरळरेषा, की तू कपडेपट आहेस?

स्पेनची हर्डल्स धावणारी मारिया होजे मार्टिनेझ पटिनो हिच्या बाबतीत १९८५ मध्ये जपानच्या कोबेला हेच झालं. टेस्टमध्ये एक्सवाय निघाली, नाव पेपरात फुटलं, शिष्यवृत्ती गेली, ठरलेलं लग्न मोडलं. १९८८ मध्ये परत घेतलं तिला. गंमत अशी की तिला त्या हॉर्मोनचा शून्य फायदा, सर्वसाधारण बाईच्या अंगात थोडा टेस्टोस्टेरॉन काम करतो तेवढासुद्धा तिच्यात करत नव्हता. १९९६ ला अटलांटात ३३८७ महिला खेळाडूंची टेस्ट झाली, ८ जणींमध्ये एसआरवाय सापडला आणि आठही जणींना खेळू दिलं. १९९९ मध्ये ऑलिंपिकवाल्यांनी ती टेस्टच सोडून दिली होती. हा जीन १९९० मध्ये शोधणारे अँड्र्यू सिंक्लेअर यांनी गेल्याच महिन्यात लिहिलंय की या कामाला ही टेस्ट योग्य नाही. केमिस्ट्रीच्या सरांना लिटमस पेपर आवडणारच म्हणा. ह.घ्या.

सरळरेषा

घेतलं हलकं. पण डॉक्टर, नियम नीट वाचा, तुम्ही म्हणता त्या पूर्ण प्रकारातल्या खेळाडूंना नव्या नियमात सूट आहे. म्हणजे अन्याय नाही.

डॉ_टोपण

सूट आहे हे बरोबर. पण मग 'जीन असला तर नाही' हे तुमचं वाक्य कुठे राहिलं? जीनपेक्षा शरीराने त्या जीनचं पुढे काय केलं ते बघायचं असं त्यांनीच मान्य केलं की. माझंही म्हणणं शरीर महत्त्वाचं नाही असं नाहीये, शरीर तुम्ही समजता तेवढं एका ओळीत उत्तर देत नाही एवढंच.

अनुस्वार

शरीराच्या बाजूने सगळ्यात जड पुरावा कुणीच मांडला नाही म्हणून मी मांडतो. कॅनडात विनिपेगला १९६५ मध्ये जुळे मुलगे झाले, त्यातल्या एकाची सुंता करताना यंत्राने लिंग जळालं. आईबाप घाबरून जॉन मनी नावाच्या मोठ्या मानसशास्त्रज्ञाकडे गेले, जॉन्स हॉपकिन्सला. मनीचं ठाम मत की सुरुवातीच्या दोनेक वर्षांत जसं वाढवाल तसं मूल होतं. त्याच्या सल्ल्याने दोन वर्षांचं व्हायच्या आत त्या बाळाची अंडाशयं काढली आणि मुलगी म्हणून वाढवायला घेतलं. फ्रॉक, बाहुल्या, पुढे हॉर्मोनच्या गोळ्या. मनी जगभर सांगत फिरला की बघा, यशस्वी. प्रत्यक्षात ते मूल फ्रॉक ओढून काढायचं, शाळेत मारामाऱ्या करायचं, चौदाव्या वर्षी खरं कळल्यावर लगेच मुलगा म्हणून राहायला लागलं. डेव्हिड रायमर. १९९७ मध्ये डायमंड आणि सिग्मंडसन यांनी सगळं उघडकीला आणलं. डेव्हिडने २००४ मध्ये आत्महत्या केली.

संस्कार, शिस्त, कपडे, ऑपरेशन, हॉर्मोन, सगळं एका बाजूला आणि ते पोर एका बाजूला. आणि जिंकलं कोण?

डॉ_टोपण

अनुस्वार, वृषण म्हणा हो, अंडाशयं नव्हेत. बाकी बरोबर.

अनुस्वार

दुरुस्त करून वाचावे. संपादनाची सोय कधी येणार इथे?

चिंगी

मला जुळी आहेत, एक मुलगा एक मुलगी. ठरवून दोघांना सारखंच वाढवलं, बाहुल्या पण आणि ट्रक पण. मुलाने भातुकलीतल्या लाटण्याची बंदूक केली आणि मुलीने ट्रकला दुपट्यात गुंडाळून जोजवलं. मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो. त्यामुळे सायन्स वगैरे मला कळत नाही पण काहीतरी आतून येतंच.

साखरभात

चिंगी, सारखंच वाढवलं म्हणतेस पण बाळाला दुपट्यात गुंडाळून जोजवणारं घरात कोण होतं? तू. आणि आजूबाजूला बंदूक कुणाच्या हातात दिसते? पुरुषाच्या. मुलं आपण काय देतो त्यापेक्षा आपण काय करतो ते जास्त बघतात गं.

चिंगी

अगं नवऱ्याकडे बंदूक कुठली, साधं लायटरही नाही 😄

आजोळ

रायमरवरून आमच्या पणजोबांची गोष्ट आठवली. त्यांच्या आधीचे सगळे मुलगे गेले, म्हणून हा जन्मल्यावर दैवाला फसवायला नाक टोचलं, नथ घातली, परकर-पोलकं नेसवलं, केस वाढवले. मुंज होईपर्यंत हा प्रकार. नाव पडलं नथू ते कायमचं. पुढे तालमीत गेले, पिळदार मिशा, आठ पोरं. आमच्याकडे त्यांचा फोटो आहे, तो बघून कुणाला सांगून पटणार नाही. तेव्हा नुसतं मुलगी म्हणून वाढवलं की मुलगी होते असं काही नाही.

टवाळ_पोर

इतिहासात आणखी एक नथू असाच वाढला होता. सांगू का?

प्रशासक

सांगू नका. तो विषय इथे निघाला की धागा वाचनमात्र करावा लागतो हा अनुभव आहे. मूळ विषयावर राहा.

साखरभात

आजोळ, पणजोबांचं उदाहरण गोड आहे पण त्यावरून सिद्ध काय होतं? घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं की हा मुलगा आहे, त्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप. परकर अंगावर, पण वंशाचा दिवा म्हणून तूप जास्त कुणाच्या पानात पडत होतं? त्याला मुलगी म्हणून वाढवलंच नव्हतं. मुलगी म्हणून वाढवणं म्हणजे कपडे नव्हेत हो, मुलगी म्हणून वाढवणं म्हणजे भावाला दूध आणि तुला चहा.

आजोळ

हे पटलं. तूप त्यांच्याच पानात जास्त पडायचं, म्हातारपणापर्यंत.

डॉ_टोपण

साखरभात यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यातला असाच एक प्रसिद्ध अभ्यास आहे, इम्पेराटो-मॅकगिनली यांचा, १९७० च्या दशकातला. तिथे एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे काही मुलगे जन्मताना मुलीसारखे दिसायचे, मुलगी म्हणूनच वाढायचे आणि बाराव्या वर्षाच्या आसपास शरीर पुरुषाचं व्हायला लागायचं. पूर्ण मुलगी म्हणून वाढलेल्या १८ जणांपैकी १७ जण पुढे पुरुष म्हणवायला लागले. शरीरवाले हे उदाहरण झेंड्यासारखं फडकवतात. पण त्या गावाला हा प्रकार पिढ्यानपिढ्या माहीत होता, त्याला गावात वेगळं नाव होतं, आणि त्या समाजात मुलगा होणं म्हणजे बढती होती. मग हॉर्मोनने किती केलं आणि गावाने किती, हे वेगळं काढणार कसं?

आणि रायमरची दुसरी बाजू. १९९८ मध्ये कॅनडातलीच अशीच दुसरी केस छापून आली, सुंतेतलाच अपघात, सातव्या महिन्यापासून मुलगी म्हणून वाढवलेली. ती मोठेपणी स्वतःला बाईच म्हणत होती. पहिली केस सगळ्यांना पाठ, दुसरी कुणाला माहीत नाही. एकेका माणसावरून सिद्धांत काढायची मनीची खोड आपल्यालाही लागलीय.

बार्शी_लाईट

म्हणजे डॉक्टर, फायनल काय? की नेहमीसारखं 'टेस्ट करून बघू'?

डॉ_टोपण

फायनल असं की गर्भातले हॉर्मोन, जीन यांचा हात आहे असं दिसतं, पण अमुक जीन किंवा मेंदूचा अमुक भाग बघून हा माणूस स्वतःला काय समजतो हे सांगता येत नाही. २०१५ मध्ये डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी १४०० च्या वर मेंदूंचे स्कॅन तपासले तेव्हा बहुतेक मेंदूंत 'बायकी' आणि 'पुरुषी' समजली जाणारी वैशिष्ट्यं मिसळलेली निघाली. दोन गठ्ठे पडलेच नाहीत. यावरही वाद झाले, ते सोडा.

षड्ज_पंचम

अवांतर आहे पण राहवत नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, हे घरंदाज बायकांना साडी कशी नेसायची, केसात फुलं कशी माळायची, मान कशी वळवायची हे शिकवून गेले. माझी आजी सांगायची की नाटक बघून आल्यावर बायका घरी आरशासमोर तसं करून बघायच्या. म्हणजे बाईपण कसं असावं याचा नमुना बायकांनी एका पुरुषाकडून उचलला! यापेक्षा जास्त समाजाने घडवलेलं आणखी काय असतं. आणि भिकबाळी? पेशवाईतला पुरुष कानात मोती घालून फिरायचा, आज मुलाने कान टोचला की बाप दोन दिवस बोलत नाही.

अनुस्वार

पण पंचमजी, बालगंधर्व रंग पुसून घरी आल्यावर पुरुषच होते ना? तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. वागणं शिकता येतं, उसनं घेता येतं, असणं नाही.

षड्ज_पंचम

तेच तर म्हणतोय, वागणं वेगळं आणि असणं वेगळं. धागा दोन्हीची भेळ करतोय.

कोल्हापुरी_ठेचा

फॅड म्हणनाऱ्यांनी जरा आमच्याकडं या. आमच्या गल्लीत एक जोगत्या होता, मी शाळेत असल्यापासनं बघतोय. केसात जट आली म्हणून घरच्यांनी यल्लम्माला सोडला, पण माझी आई म्हणायची जट यायच्या आधीपासनंच तो पोरींच्यात बसायचा, पाणी भरायचा. साडी, हळदीचा मळवट, डोक्यावर देवीचा जग (टोपलीतली मूर्ती), मागं चौंडकं वाजवणारा. मंगळवारी-शुक्रवारी दारात आला की बायका परडीत पीठ-मीठ घालून पाया पडायच्या, माझी आजी तर त्याच्या पायावर डोकं ठेवायची. आणि हाच माणूस आजारी पडला तवा त्याला भाड्यानं खोली द्यायला गल्लीत एक जण तयार नव्हता. देवीचा म्हणून पाया पडनार, शेजारी म्हणून नको. ह्याला काय म्हनायचं ते तुमी ठरवा, पण अमेरिकेतनं आलं म्हणू नका, यल्लम्माच्या सौंदत्तीतनं आलंय.

बार्शी_लाईट

ठेचाभाऊ, जोगत्या ही देवाधर्माची गोष्ट झाली, ती वेगळी.

कोल्हापुरी_ठेचा

वेगळी का? तुमाला सोयीची म्हणून?

आजोळ

महाभारतात शिखंडी आहे, बृहन्नडा आहे, आपला विठोबा तर विठाई माऊली आहे, ज्ञानोबांनी स्त्रीच्या भूमिकेतून विराण्या लिहिल्या. आपली संस्कृती मुळातच उदार.

साखरभात

पुराणातली वांगी पुराणात. विठोबाला माऊली म्हणायला काय जातं, शेजारच्या पोराने साडी नेसली की बघू उदारपणा. आणि इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तृतीयपंथी लोकांची पोलिसांकडे नोंदणी सुरू केली, बायकी कपड्यात सार्वजनिक ठिकाणी नाचलं-गायलं तर शिक्षा ठेवली, ते दरवेळी इंग्रजांवर ढकलून आपण मोकळे होतो. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली.

आता माझा स्वतःचा आक्षेप मांडते, जो मला चळवळीतल्या मैत्रिणींसमोर बोलायला जड जातं. आम्ही आयुष्यभर हेच सांगत आलो की साडी-बांगडी, लाजणं, नाजूकपणा म्हणजे बाई नव्हे, हे लादलेलं आहे. आणि आता कुणी म्हणतं की मला लहानपणापासून बांगड्या आवडायच्या म्हणून मी बाई. मग आम्ही जे उतरवत होतो तेच बाईपणाचं प्रमाणपत्र झालं का? मी कुणाचा अपमान करत नाहीये, मला खरंच उत्तर हवंय.

मध्यलय

एवढे प्रतिसाद गुमान वाचले. मी ट्रान्स पुरुष आहे, सोलापूरचा, सध्या पुण्यात नोकरी. जन्मनोंदीत मुलगी. इथे सगळे आमच्याबद्दल बोलताहेत, आमच्याशी कुणी बोलत नाहीये, म्हणून लॉगिन झालो.

साखरभातताई, तुमचा प्रश्न आधी घेतो कारण तो प्रामाणिक आहे. बांगड्या आवडतात म्हणून बाई, असं बहुतेक जणी स्वतः म्हणत नाहीत, त्यांच्याकडून ते म्हणवून घेतलं जातं. मी सर्टिफिकेटसाठी ज्या डॉक्टरकडे गेलो त्यांचा पहिला प्रश्न, लहानपणी क्रिकेट खेळायचास का? मला क्रिकेट अजिबात आवडत नाही. मला रांगोळी काढायला आवडते, अजूनही काढतो. पण 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी कागदावर काय लिहिलं असतं? म्हणून हो म्हणालो. माझ्या मैत्रिणी (ट्रान्स स्त्रिया) जीन्स घालून तपासणीला जात नाहीत, साडी नेसून जातात, लिपस्टिक लावून. तुम्ही जे उतरवलंत ते त्यांना दार उघडण्यापुरतं चढवावं लागतं.

आता माझं. कुणी विचारतं 'कधी कळलं?' मला असा एक दिवस नाही सांगता येणार. एक गोष्ट सांगतो. आपल्या भाषेत तोंड उघडलं की आपण बाई की बाप्या हे सांगावं लागतं, मी जातो, मी जाते. शाळेत असताना मी 'जाते' म्हणू शकायचो नाही आणि 'जातो' म्हटलं की मार. मग मी वाक्यंच अशी जुळवायला शिकलो की प्रश्न येणारच नाही. 'निघायचंय मला', 'माझं जेवण झालं', 'भूक लागलीय', 'उद्या सुट्टी पाहिजे'. सर, मॅडम, आई, कुणाच्या लक्षात आलं नाही. एकट्या आजीच्या आलं, ती म्हणाली हे पोरगं सरकारी पत्रासारखं बोलतंय. दहावीपर्यंत असं बोललो. हे मला कुणी शिकवलं, अमेरिकेने? आमच्या घरी तेव्हा केबलसुद्धा नव्हती.

कोल्हापुरी_ठेचा

भावा, तू आमच्यात जन्मायला पायजे होतास. आमच्याकडं पोरी बिनधास्त 'मी आलो, मी जेवलो' म्हणत्यात, कोण ढुंकून बघत नाही.

मध्यलय

😂 खरंय. होस्टेलला एक कोल्हापूरची रूममेट होती, तिच्या आडोशाने दोन वर्षं मी 'आलो-गेलो' करून घेतलं. सगळ्यांना वाटायचं हिच्या नादाने बिघडलीय.

चिंगी

मध्यलय, हे वाचून काय लिहावं कळेना. पण एक विचारू? तुम्हाला स्वतःला काय वाटतं, जन्मजात आहे की वाढवण्यातून?

मध्यलय

विचारा की, रागावत नाही. मला त्या प्रश्नात फारसा रस उरलेला नाही. कारण असं की उद्या जीन सापडला तर कुणीतरी म्हणेल चला इलाज करू, गर्भातच बघू. आणि नाही सापडला तर म्हणतील बघा, नाटक होतं. दोन्ही बाजूंनी मार मलाच. डावखुरं असण्याचं पूर्ण कारण डॉक्टरांना तरी माहीत आहे का? तरी आपण आता डाव्या हातावर पट्टी मारत नाही.

अनुस्वार

मध्यलय, तुमच्याबद्दल आदर आहे, पण एक लक्षात आलं का, रायमरची केस तुमच्याच बाजूची आहे. बाहेरून कितीही लादलं तरी आतलं 'मी कोण' बदलत नाही हेच ती सांगते. फक्त त्याच्यात शरीर आणि आतलं जुळत होतं, तुमच्यात नाही. म्हणजे शरीरवाले ज्या केसने तुम्हाला खोटं ठरवतात तीच तुमचा साक्षीदार.

मध्यलय

हे मी पूर्वी एका डॉक्टरला सांगायचा प्रयत्न केला होता, त्याने केसपेपरवर 'आर्ग्युमेंटेटिव्ह' लिहिलं.

लीड्सची_लेक

इकडे इंग्लंडमध्ये एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जन्माने स्त्री. ऑफिसात लगेच टॉयलेटच्या पाट्यांवरून मीटिंगा सुरू झाल्या. माझ्या टीममध्ये एक ट्रान्स बाई आहे, गेली कित्येक वर्षं तेच टॉयलेट वापरतेय, कुणाची तक्रार नव्हती, आता ती दुपारी घरी जाऊन येते. आणि दुसरीकडे मुलांना प्युबर्टी थांबवणारी औषधं द्यावीत का यावर गेल्या वर्षी कॅस अहवाल आला, त्यात पुरावा कच्चा आहे असं म्हटलंय, तो मुद्दा मात्र मला गंभीर वाटतो. मोठ्या माणसाचा निर्णय आणि बारा वर्षांच्या मुलाचा निर्णय एकाच मापाने मोजू नये.

वकिलीण_काकू

भारतात नेमकं उलटं झालं म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्या सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात (न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री) सांगितलं की शारीरिक कसोटी नाही, मानसिक कसोटी धरायची, आणि आपली ओळख सांगायचा हक्क ज्याचा त्याचा. इंग्लंडच्या १९७० च्या कॉर्बेट निकालाचं तत्त्व, म्हणजे जन्मावेळचं शरीर हेच कायमचं, ते नाव घेऊन नाकारलं. २०१९ च्या कायद्यात मात्र तो हक्क जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावरून फिरवून आणला, ते वेगळं रडगाणं.

जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुकचं प्रकरण आठवतंय का? अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेवरून अर्ज भरला, निवडणूक अधिकाऱ्यांनी बाद केला, तृतीयपंथी म्हणून. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं की त्या स्वतःला स्त्री म्हणवतात, स्त्री म्हणून लढू द्या. लढल्या आणि निवडूनही आल्या. त्याआधी २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यात तरंगफळला ज्ञानेश्वर कांबळे, ज्यांना सगळे माऊली म्हणतात, ते सरपंच झाले. गावाने गुणसूत्रं तपासली नाहीत, रस्ता आणि पाणी कोण करेल ते बघितलं.

बार्शी_लाईट

तरंगफळ आमच्या जिल्ह्यात, ते मला माहीत आहे. माऊलींना आमच्या पाहुण्यांनीच मतं दिली होती. मी फॅड म्हणालो ते शहरातल्या पोरांबद्दल.

टवाळ_पोर

बार्शीकर हळूहळू रिव्हर्स गिअर टाकताहेत, कृपया मागच्यांनी सरकावे.

सरळरेषा

पळालो नाही, पेपर तपासत होतो. सगळं वाचलं. माझं खेळाबद्दलचं मत तेच आहे, ठाम. वयात येताना पुरुषी हॉर्मोनने जी हाडं, जो स्नायू, जी फुप्फुसं बनतात त्यांचा फायदा धावण्यात मिळतो आणि महिला गट काढलाच मुळी त्यासाठी. तिथे भावना मोजता येत नाही. पण वकिलीणबाईंचं प्रकरण वाचल्यावर असं वाटतं की ग्रामपंचायतीच्या वॉर्डाला हाड-स्नायूचा काय संबंध? तिथे राखीव जागा आहे ती समाजाने बाईला मागे ठेवलं म्हणून. अंजली पाटील यांना समाजाने वागवलं कसं, ते बघायला हवं. आणि दवाखान्यात तिसरंच, तिथे प्रोस्टेट आहे की गर्भाशय हे डॉक्टरला कळलंच पाहिजे, ओळखपत्रावर काही का असेना. म्हणजे कशासाठी विचारताय त्याप्रमाणे उत्तर बदलतंय, ही गोष्ट माझ्या केमिस्ट्रीला पचायला जड आहे पण दिसतेय तर खरी.

डॉ_टोपण

केमिस्ट्रीत कुठे नाही, एकच पदार्थ कुणासमोर आम्ल आणि कुणासमोर अल्कली वागतो की. तुम्हीच शिकवलं असेल.

खेळाबद्दल फक्त एक. नियम करणारे कितीही शास्त्रीय असोत, त्याची किंमत कोण मोजतं ते बघा. शांती सौंदरराजन, तमिळनाडूच्या खेड्यातली, २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरला रौप्य. टेस्ट झाली, पदक काढून घेतलं, आणि तिला ते टीव्हीवरच्या बातम्यांतून कळलं. पुढे वीटभट्टीवर काम केलं तिने. धावपटू द्युती चंदला २०१४ मध्ये ऐन राष्ट्रकुलच्या तोंडावर टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून वगळलं, ती क्रीडा लवादापर्यंत लढली म्हणून २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला. या दोघींपैकी कुणीही पुरुष असून बाई असल्याचं सोंग केलेलं नव्हतं. मुलगी म्हणून जन्मल्या, मुलगी म्हणून धावल्या. टेस्ट घ्यायचीच तर निकाल आधी त्या मुलीला बंद खोलीत सांगा, पत्रकारांना नको.

सरळरेषा

याला शंभर टक्के सहमत. हे नियमातच हवं.

साखरभात

मध्यलय, तुमचं उत्तर रात्रभर डोक्यात होतं. बाईपणाची व्याख्या कोण करतंय हा माझा प्रश्न बरोबर होता, फक्त मी तो टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसलेल्याला विचारत होते. तरी एक गाठ सुटलेली नाही, 'आतून मी बाई आहे' म्हणजे काय हे मला आतून कळत नाही. मला कधी आतून बाई वाटलेलंच नाही, बाहेरून वाटायला लावलं गेलं एवढंच.

मध्यलय

ताई, चप्पल मापाची असली की पाय जाणवत नाही. रांगोळी काढायला या कधीतरी, भांडू निवांत.

वाचनमात्र_होतो

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. घरात एक १९ वर्षांचं मूल आहे, आमचं आम्हाला आत्ता कुठे समजतंय. कारण जन्माचं की वाढवण्याचं यावर नवरा-बायकोत खूप भांडून झालं, आता ते बाजूला ठेवलंय. कागदपत्रांचं कसं करतात, ऑपरेशन करावंच लागतं का, कुणी सांगेल का?

वकिलीण_काकू

दादा, २०२० च्या नियमांप्रमाणे पहिल्या प्रमाणपत्राला ऑपरेशनची अट नव्हती. केंद्राचं तृतीयपंथीयांसाठीचं नॅशनल पोर्टल आहे, त्यावर ऑनलाइन अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र. जिल्हाधिकारी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र देतात, या पायरीला वैद्यकीय तपासणी मागायची नाही असं २०२० च्या नियमांत होतं. मूल १८ च्या पुढे आहे, म्हणजे अर्ज त्याने/तिने स्वतः करायचा, तुमची सही लागत नाही. प्रमाणपत्रावर 'ट्रान्सजेंडर' येतं. पुढे 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतर दुसरा अर्ज, त्याला दवाखान्याच्या अधीक्षकांचा दाखला लागतो. घाई करू नका, पहिलं प्रमाणपत्र बऱ्याच कामांना पुरतं.

मध्यलय

काकूंनी सगळं सांगितलंच. माझ्याकडून एवढंच की प्रमाणपत्र आल्यावर आधी आधार बदला, मग पॅन (पॅनच्या फॉर्मवर ट्रान्सजेंडर हा पर्याय २०१८ पासून आहे), मग बँक. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक ठिकाणी नाव जुळत नाही म्हणून परत पाठवतात. दहावी-बारावीच्या मार्कशीटला सगळ्यात जास्त वेळ जातो, तो अर्ज लगेच टाकून ठेवा. आणि मुलाला विचारा कुठल्या नावाने हाक मारायची, कागद यायची वाट बघू नका. बाकी व्यनि (खासगी निरोप) करा, संध्याकाळी सातनंतर उत्तर देतो.